बटरपेपरवरचे रूळ

नेव्हिल हॅडफिल्डने जन्मात रुळाचा तुकडा टाकला नव्हता. त्याचं फरश्यांचं दुकान होतं. अर्ध्या कॉल्डब्रुक गावाच्या न्हाणीघरांत त्याने विकलेल्या फरश्या आहेत, माझ्याही आहेत. पण दुकान विकल्यापासून रोज सकाळी टोस्ट गार होईपर्यंत तो रूळ टाकत बसायचा. वर्तमानपत्राच्या शेवटून दुसऱ्या पानावर, पेन्सिलीने.

कोडं असं असतं: चौकोनी घरांचं एक जाळं. डाव्या बाजूने गाडी आत येणार, खालच्या बाजूने बाहेर पडणार, मधला मार्ग आपण आखायचा. प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक रकान्याच्या टोकाला एक आकडा असतो. रूळ त्या ओळीतल्या तेवढ्याच घरांतून गेला पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. थोड्या घरांत रुळाचे तुकडे आधीच छापलेले असतात, त्यांना धरून पुढे जायचं. रुळाला फाटा फुटता कामा नये, एका रुळाने दुसरा ओलांडता कामा नये. आणि उत्तर एकच असतं. हे शेवटचं वाक्य नेव्हिल अशा आवाजात म्हणायचा की पाद्रीबाबांनी ऐकलं असतं तर त्यांना हेवा वाटला असता.

"अंदाज करायचा नाही," हे त्याचं दुसरं वाक्य. "घराघराला कारण पाहिजे. कारण नसेल तर पेन्सिल खाली ठेवा आणि चहा प्या."

कोडी सोडवता सोडवता तो कोडी घालायला लागला. आमच्या गावाला ते फार मानवलं, कारण आमच्या गावाला रेल्वे नाही. होती. ती बंद झाली, रूळ उपटून नेले, आणि तेव्हापासून गावाचं रेल्वेवरचं प्रेम जे उफाळून आलं ते अजून ओसरलेलं नाही. गाड्या होत्या तेव्हा त्या उशिरा येतात म्हणून हेच लोक तक्रारी करत होते, असं जुनी माणसं सांगतात. आता रुळांच्या जागी पायवाट आहे, स्टेशनात डोरीन लोमसचं चहाघर आहे, आणि दर जुलैत एका शनिवारी आम्ही स्टेशनदिन साजरा करतो. त्या दिवशी गावातली पोक्त माणसं गार्डच्या टोप्या घालून फलाटावर हिरवी निशाणं हलवतात आणि गाडी येत नाही.

स्टेशनदिनाची स्पर्धा म्हणजे नेव्हिलचं कोडं. ते चर्चच्या मासिकात छापून यायचं. उत्तरं डोरीनच्या गल्ल्याशेजारच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायची. खऱ्या नावाने कुणी टाकत नसे. चुकलं तर गावात तोंड कसं दाखवायचं? म्हणून प्रत्येकाने बंद पडलेल्या एखाद्या स्टेशनचं नाव घ्यायचं, अशी पद्धत पडली होती. बरोबर उत्तरांच्या चिठ्ठ्या टोपीत जायच्या आणि त्यातून एक निघायची. बक्षीस म्हणजे नेव्हिलच्या बायकोने, हेझलने, भाजलेला फळांचा केक. तो खाल्लेल्यांपैकी कुणीही कधी हेझलला विचारलं नाही की बाई, तू का नाही भाग घेत. माझीही त्यातच गणना आहे, आणि मी तर तिची शेजारीण.

हेझलला कोडी येत नाहीत, हे सगळ्यांना नेव्हिलकडून माहीत होतं.

त्याचं झालं असं होतं. सुरुवातीला एकदा सकाळी तिने त्याच्या खांद्यावरून वाकून कोड्याकडे पाहिलं आणि बोटाने दाखवलं, "हे इथून असं खाली जाणार आणि मग असं वळणार."

"का?" नेव्हिलने विचारलं.

"तसं दिसतंय."

"दिसतंय म्हणजे? हे काय चहाच्या पानांत भविष्य बघणं आहे? कारण सांग."

हेझलला कारण सांगता आलं नाही. नेव्हिलने मग टोस्ट बाजूला ठेवून रीतसर एकेका घराला कारण लावत कोडं सोडवलं. रूळ तिथूनच खाली गेला आणि तसाच वळला. "बघ," तो म्हणाला, "असं करायचं असतं." आणि तेव्हापासून कुणी आलं-गेलं तर कौतुकाने सांगायचा, "आमची हेझल अंदाज करते हं!" जसं काही लोक सांगतात की आमची मांजर दार उघडते.

हेझल एका दंतवैद्याकडे स्वागतकक्षात बसून निवृत्त झाली होती. भलत्या वेळी भलतं न बोलण्याचा तिला सराव होता. मुलीने वाढदिवसाला टॅब्लेट दिला, तेव्हा तिने त्यात तेच कोडं शोधून काढलं. तिथे ते हवं तेवढं मिळतं. एक संपलं की दुसरं. हेझल टॅब्लेट घेऊन परसातल्या काचघरात जायची, टोमॅटोंच्या मध्ये उपड्या बादलीवर बसायची आणि सोडवत राहायची. नेव्हिलला वाटे, टोमॅटोंना फार बघावं लागतं.

माझं परस तिच्या परसाला लागून आहे. मी कुंपणावरून एकदा विचारलं, "काय गं करतेस तिथे तासन्‌तास?" तेव्हा तिने मला टॅब्लेट दाखवला. तिचं बोट रुळासारखंच सरळ गेलं, वळलं, पुन्हा वळलं, खालून बाहेर पडलं. मग तिने ओळी आणि रकाने मोजले. एका ठिकाणी एक घर जास्त झालं होतं, ते दुरुस्त केलं. "आधी मला दिसतं," ती म्हणाली, "मग मी मोजते. चुकलं असेल तर खोडते. नेव्हिल आधी मोजतो, मग त्याला दिसतं."

"मग त्याला दाखव की."

"तो विचारेल, का?"

त्या वर्षी डोंगरापलीकडच्या वाफेच्या गाडीवाल्यांनी स्टेशनदिनाला बक्षीस दिलं. हौशी लोकांनी जुनी इंजिनं दुरुस्त करून तिथे थोडासा मार्ग चालवला आहे. बक्षीस काय, तर एक दुपारभर इंजिन हाकायला मिळणार. अंगात निळा डगला घालून, कळ ओढून, शिट्टी वाजवून. गावात खळबळ उडाली. केकवर कधी न हललेली माणसं पेन्सिलींना टोक करायला लागली.

आणि हेझल कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "मी टाकणार आहे यंदा. 'फॉक्सली हॉल्ट' नावाने."

"इंजिनासाठी?"

"इंजिन मिळालं तर काय, मी नाही म्हणणार नाही. पण ते नाही गं." तिने हातातला टोमॅटोचा पिवळा पाला चुरगळला. "त्याने माझा कागद हातात घ्यावा. माझा आहे हे त्याला माहीत नसावं. आणि त्याने 'बरोबर' म्हणावं. एकदा. एवढंच."

मला ते फार मोठं मागणं वाटलं नाही. नवऱ्याने न ओळखता बायकोला बरोबर म्हणायचं, बस्स.

इकडे नेव्हिल वेगळ्याच अडचणीत होता. बक्षीस मोठं, म्हणजे कोडंही अवघड हवं; सगळ्यांनाच सुटलं तर टोपीत अर्धं गाव जाणार. त्याने घातलेलं कोडं नेहमीसारखंच नीटनेटकं होतं. पण मासिकाला द्यायच्या आधी त्याने छापून द्यायच्या तुकड्यांपैकी एक काढून टाकला. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातला. उत्तर त्याला आधीच माहीत होतं, त्यामुळे तुकडा नसला तरी रूळ तिथूनच जातो असं त्याला स्वच्छ दिसलं.

दिसलं, हे लक्षात घ्या.

कोडी घालणारे शहाणे लोक ती आधी दुसऱ्या कुणाकडून तरी सोडवून घेतात म्हणे. पण नेव्हिलच्या घरात दुसरं कोण होतं? हेझल. आणि ती अंदाज करते.

उत्तरं तपासायची नेव्हिलची पद्धत होती. आपलं उत्तर तो बटरपेपरवर गिरवून घ्यायचा आणि तो पारदर्शक कागद एकेका उत्तरावर ठेवायचा. रुळावर रूळ बसला की बरोबर. नाही बसला की लाल फुली. दुकानात फरशीच्या नक्षीचे नमुने तो असेच जुळवायचा. सुटसुटीत पद्धत, वेळ वाचतो, ओळी-रकाने मोजत बसावं लागत नाही.

स्टेशनदिनाच्या आधीच्या आठवड्यात डोरीनने बिस्किटांचा डबा आणून दिला. नेव्हिल जेवणाच्या टेबलाशी बटरपेपर घेऊन बसला. हेझल त्याच खोलीत इस्त्री करत होती. त्याच्या टोपीचा पट्टा, त्याचा सदरा. पुढचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पहिली काही उत्तरं बसली. मग एक बसलं नाही. मग पुन्हा एक. कोपऱ्यात रूळ एक घर आधी वळला होता आणि पुढे एक घर उशिरा. पुढच्यातही तसंच. नेव्हिलने चष्मा पुसला.

"आश्चर्य आहे," तो म्हणाला. "सगळे एकाच जागी चुकतायत."

"एकाच जागी?" हेझलने इस्त्री न थांबवता विचारलं.

"त्याच कोपऱ्यात. कारणं संपली की माणूस काय करतो? अंदाज! इंजिनाच्या लोभाने गावाला अंदाजाची साथ आलीय, हेझल." त्याने पुढचा कागद घेतला. "'फॉक्सली हॉल्ट'. हे बघ, हेही तसंच. ही कोण बाई आहे देव जाणे..."

"बाई कशावरून?"

"रेघ बघ ना. उचलून उचलून नाही काढलेली. एका झटक्यात, जशी काही दिव्यदृष्टीच आहे. हिच्या हातात इंजिन दिलं तर गाडी थेट नदीत." त्याने लाल फुली मारली.

हेझलने सदऱ्याची कॉलर पुन्हा एकदा दाबली. ती आधीच झालेली होती.

"तू मोजलंस का?" ती म्हणाली. "तिच्या ओळी. तिचे रकाने."

"मोजायचं कशाला? उत्तर माझ्याकडे आहे." आणि त्याने बटरपेपर तिला उंच धरून दाखवला, खिडकीच्या उजेडात.

मला हे सांगताना हेझल रडत नव्हती. चिडलेलीही नव्हती. ती कुंपणाच्या फळीवरचं शेवाळ नखाने खरवडत होती. "माझं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी परत मोजलं. त्याचंही बरोबर आहे. कोड्याला दोन उत्तरं आहेत गं."

आम्ही दोघी डोरीनकडे गेलो. चहाघर रिकामं होतं, डोरीन स्कोनच्या, चहाबरोबरच्या गोड पावांच्या, ताटावर जाळी झाकत होती.

"म्हणजे तुला आत्ता कळलं?" डोरीन म्हणाली. "अगं, अख्ख्या गावाला माहिताय. मला दोन्ही सापडली, मी दोन्ही टाकली. एक 'मिलबी', एक 'अपर मिलबी'. म्हटलं, एक तरी बसेल त्याच्या त्या कागदावर."

"आणि कुणी त्याला सांगितलं नाही?"

"सांगितलं की! आपला गॉर्डनमास्तर म्हणाला त्याला, 'यंदाचं कोडं फारच वेगळं होतं हं, नेव्हिल.' मीही म्हणाले, 'वेगळं होतं.' पाद्रीबाबा तर दोनदा म्हणाले."

हेझलने डोळे मिटले. आमच्याकडे एखाद्याच्या हातून काही भयंकर झालं की 'वेगळं आहे' म्हणतात. याहून कडक शब्द फक्त वकील वापरतात. नेव्हिल इथलाच जन्मलेला, पण कौतुकाच्या बाबतीत तो परदेशी होता. घरी येऊन तो हेझलला म्हणाला होता, यंदा लोकांना कोडं फार आवडलंय.

"तू सांग त्याला," डोरीन म्हणाली. "तू बायको आहेस."

"बायकोचं कोण ऐकतं? तो म्हणेल, मी अंदाज केला."

"मग गप्प बस. वसंतात हृदयात नळी घातलीय त्याच्या. कशाला?"

"मग फॉक्सली हॉल्टवर फुली राहील."

डोरीनने जाळी उचलून एक स्कोन हेझलपुढे ठेवला. "राहू दे की. कुणाला कळणार आहे फॉक्सली हॉल्ट कोण ते?"

"मला," हेझल म्हणाली. आणि स्कोनला हात न लावता निघाली.

शनिवारी ऊन पडलं होतं, हेच एक नवल. फलाट भरला होता. निशाणं हलली, शिट्ट्या झाल्या, वेळेवर गाडी आली नाही. मग सगळे चहा घेऊन बाकांवर बसले. हेझल चहाच्या पिंपामागे कप भरत होती, मी तिच्या शेजारी दूध ओतत होते.

नेव्हिलने त्या वर्षी एक मोठा फळा आणवला होता. त्यावर कोड्याचं जाळं आखलेलं. टोपी नीट करून तो उभा राहिला. "चिठ्ठी काढण्याआधी," तो म्हणाला, "मी दोन शब्द बोलणार आहे. यंदा निम्म्या लोकांनी एकाच कोपऱ्यात चूक केली. नावं घेत नाही, नावं मला माहीतही नाहीत. पण अंदाज कुठे सुरू होतो आणि विचार कुठे संपतो, ते मी दाखवणार आहे."

बाकांवर एक बारीक हालचाल झाली. गॉर्डन ट्विग, आमच्या शाळेचे जुने भूगोलाचे मास्तर, कपातल्या चहाकडे निरखून बघायला लागले. डोरीन माझ्या कानात म्हणाली, "अगं आई गं, हा सोडवून दाखवणार."

आणि त्याने सोडवायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर सुंदर सोडवत होता. "या रकान्यात एवढीच घरं, म्हणजे इथे रूळ नाही, फुली. इथे फुली म्हणून रुळाला वळायलाच हवं. वळला म्हणून ही ओळ भरली." खडू टकटक चालला होता. एकेक घर, एकेक कारण. रूळ डावीकडून आला, वर चढला, वळसा घालून उजवीकडे गेला, आणि खालच्या कोपऱ्यापाशी पोचला.

"आणि आता," नेव्हिल म्हणाला, "इथे लोकांनी रूळ आधी वळवला. ते का चूक आहे? कारण..."

खडू फळ्याला टेकलेला होता.

"कारण..." त्याने ओळ मोजली. रकाना मोजला. मग शेजारचा रकाना. खडू उचलला, दुसऱ्या घराला टेकवला. तिथून परत आणला.

एवढा मोठा फलाट, पण पिंपातलं पाणी उकळतंय ते ऐकू येत होतं. कुणी त्याच्याकडे बघेना. कुणी बुटाची नाडी बांधायला घेतली, कुणी स्कोनवर साय लावायला घेतली, ज्यांच्या स्कोनवर आधीच साय होती त्यांनीही. आम्ही चांगली माणसं आहोत. माणूस बुडत असला तर त्याला एकांत देतो.

नेव्हिलने गळा साफ केला. "हे तर उघडच आहे," तो म्हणाला, आणि आपल्या उत्तरातला रूळ त्याने झटकन फळ्यावर ओढला. लोकांनी सुटकेने टाळ्या वाजवल्या.

"उघड नाही ते, नेव्हिल."

हेझलने हातातली किटली खाली ठेवली होती. टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

"तू अंदाज केलास," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण दंतवैद्याच्या दारात नाव पुकारायचं तशा आवाजात. शेवटच्या बाकापर्यंत गेलं. "दुसऱ्या वाटेनेही आकडे जुळतात. ओळींचेही, रकान्यांचेही. मोजून बघ."

"तुला कसं ठाऊक?"

"फॉक्सली हॉल्ट मी आहे."

नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे. मग तो लहान मुलासारखा, खडूने प्रत्येक घराला टिचकी मारत, ओठांतल्या ओठांत मोजायला लागला. आधी तिची वाट, मग आपली, मग पुन्हा तिची. त्याच्या मानेवर लाली चढत गेली ती मला पिंपामागून दिसली. गावातल्या बायका हेझलकडे बघत होत्या, तेही कौतुकाने नव्हे. चारचौघांत नवऱ्याला असं! घरी सांगायचं होतं. किंवा 'वेगळं आहे' म्हणायचं होतं.

आणि तेवढ्यात गॉर्डनमास्तर उठले. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि हसले.

"अरे लबाडा!" ते म्हणाले. "मुद्दाम ठेवल्यास ना दोन वाटा? आमची परीक्षा घेत होतास! मी म्हटलंच, नेव्हिल आणि चूक? छे!"

सगळा फलाट हसला. किती आनंदाने हसला! कुणी म्हणालं, "फसवलंस रे," कुणी म्हणालं, "मला शंका आलीच होती." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर गॉर्डनने आख्खी नाव आणून लावली होती. नेव्हिलने त्या नावेकडे क्षणभर पाहिलं आणि तिच्यात पाय ठेवला.

"अर्थात," तो म्हणाला. "अर्थातच. कुणाला सापडतंय ते बघायचं होतं."

मी हेझलकडे पाहिलं. त्याने तुकडा काढून टाकल्याचं तिला माहीत होतं. चुरगळलेला पहिला कच्चा कागद तिनेच कचऱ्यात टाकला होता. एक वाक्य बोलली असती तर नाव उलटली असती. तिने कपाळावरचे केस मागे सारले.

"मग फॉक्सली हॉल्ट बरोबर?" तिने विचारलं.

नेव्हिलने खडू खाली ठेवला. सगळे त्याच्याकडे बघत होते, आता बघायला हरकत नव्हती.

"बरोबर," तो म्हणाला.

मिळाला शब्द. फक्त तो आता तिचाच कागद आहे हे ठाऊक असताना म्हणाला होता, सगळं गाव ऐकत असताना, आणि दुसरं काही म्हणायला जागाच उरली नव्हती तेव्हा. हेझलने मान हलवली आणि पुन्हा किटली उचलली.

लाल फुल्यांच्या चिठ्ठ्याही टोपीत गेल्या. पाद्रीबाबांनी हात घातला, निघालेल्या स्टेशनचं नाव वाचलं, आणि 'मीच तो' म्हणून उठले ते गॉर्डन ट्विग. त्यांनी पुढे इंजिन हाकलं, डोळ्यात कोळशाचा कण गेला, आणि आठवडाभर डोळ्यावर पट्टी बांधून मोठ्या रुबाबात गावात फिरले.

गावाने ती गोष्ट पक्की करून टाकली. नेव्हिलने एकदा मुद्दाम दोन उत्तरांचं कोडं घातलं होतं, काय डोकं आहे माणसाचं. हेझलचा उल्लेख त्यात येतो, नाही असं नाही. 'आणि गंमत म्हणजे त्याच्या बायकोलाही सुटलं,' असा.

घरी काय झालं ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर नेव्हिलने फॉक्सली हॉल्टचा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि बटरपेपर न घेता, बोटाने, ओळ अन्‌ ओळ मोजली. तिने भांडी विसळली. तो अजून मोजतच होता.

"किती दिवसांपासून?" त्याने विचारलं.

तिने टॅब्लेट आणून त्याच्यापुढे ठेवला. तिने सोडवलेल्या कोड्यांची मोजदाद तिथे आपोआप राहते. नेव्हिलने तो आकडा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"टोमॅटो?" तो म्हणाला.

"टोमॅटो आपले आपण वाढतात, नेव्हिल."

मग त्याने तिला एक कोडं सोडवायला लावलं, समोर बसून. तिचं बोट सरसर गेलं. त्याने दोनदा 'का?' म्हणायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी म्हणाला, "एक घर जास्त झालंय."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि दुरुस्त केलं.

त्याने माफी मागितली नाही. तशी इथे पद्धत नाही. इथे माफी मागतात ती पायावर पाय पडला तर, आणि तीही ज्याचा पाय दुखला तोच मागतो. उलट त्याने गाडीवाल्यांची ती दुपार विकत मिळते असं शोधून काढलं आणि तिला वाढदिवसाला देऊ केली. हेझल नको म्हणाली. "विकतची दुपार काय करायचीय?" नेव्हिलला ते समजलं नाही. मलाही नीट समजलं नव्हतं.

मग हिवाळा आला. काचघर रिकामं झालं. एका सकाळी मी कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर ठेवायला गेले, तर हेझल त्याच कामासाठी घरातल्या चपलांवर बाहेर आलेली, वर नेव्हिलचा कोट. मला बघून ती भरभर कुंपणापाशी आली.

"ऐक ना. तो पुढच्या जुलैचं कोडं घालतोय."

"मग? तुझ्याकडून तपासून घेतोय की नाही?"

"माझ्याकडून?" ती हसायला लागली. "गॉर्डनकडून तपासून घेतो! गॉर्डनला यायला लावतो, दार लावून बसतात दोघं. मी चहा घेऊन गेले तर कोपराने कागद झाकला. मी म्हटलं, अरे, मी तुझी बायको ना? तर म्हणतो कसा, 'तू स्पर्धक आहेस.' आणि काल काय केलं माहिताय? कागद कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली."

थंडीने तिचं नाक लाल झालं होतं आणि ती कचऱ्याचा डबा हातात तसाच धरून उभी होती.

"माझ्यापासून गं," ती म्हणाली. "मी सोडवीन म्हणून."

नवऱ्याने काय काय दिलं ते सांगताना मी पुष्कळ बायका पाहिल्या आहेत, अंगठ्या पुढे करून, पदकं दाखवून. इतक्या अभिमानाने कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.